अस्तर लावलेलं घर

लोक घरात वीज यावी म्हणून ऑफिसात चकरा मारतात. आमच्या शेजारचे नाना मीटर काढून न्या म्हणून चकरा मारत होते.

तिथल्या साहेबांना आधी ती थट्टा वाटली. मग भांडण वाटलं. "बिल जास्त आलं का?" "नाही." "मीटर जोरात पळतं का?" "नाही." "भाऊबंदकीचा वाद?" "नाही हो. माझ्या घराला बाहेरून काही घ्यायचं नाही, एवढंच." असा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. शेवटी कंटाळून त्यांनी एकाला शिडी देऊन पाठवलं. तो आला तेव्हा सगळी गल्ली ओट्यांवर जमली होती. कुणाकडे वीज आली की पेढे वाटतात, गेली की शिव्या देतात. कुणी आपणहून परत दिली तर काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नाना शिडी धरून खाली उभे होते. वायर खाली आल्यावर त्यांनी गळ्यातल्या टेपनं ती मोजली, नीट गुंडाळली आणि त्या माणसाच्या हातात दिली.

"ही तुमची. तुमचं तुमच्यापाशी."

त्याला चहा विचारला नाही, कारण नानांच्या घरात चहा होतच नसे. माठातलं पाणी दिलं. ते इतकं गार होतं की त्यानं दुसरा तांब्या मागून घेतला.

आमचे हे घरात येत म्हणाले, "म्हातारपणी माणसं देवाला लागतात. नाना घराला लागले."

नाना म्हणजे शिंपी. पिंप्राळ्याच्या बाजारात त्यांचं लहानसं दुकान होतं. लेंगे, सदरे, शाळेच्या खाकी चड्ड्या, बायकांची पोलकी. अंगानं बारीक, मशीनवर बसून बसून पुढं वाकलेले, एक खांदा कायमचा वर. टेप गळ्यातून कधी उतरत नसे. जेवताना टेप, देवळात टेप, एकदा मयतीला गेले तर तिथंही टेप. तिरडी बांधणाऱ्यानं बघितलं आणि म्हणाला, "नाना, याचं माप आम्ही घेतलंय, तुम्ही घरी जा." लोक तोंड फिरवून हसले. नानांनी टेप सदऱ्याच्या आत लपवली, पण काढली नाही.

बोलायचेही सगळं शिवणातलं. आंबट ताकाला म्हणायचे, "उसवलं." एखाद्याचा संसार बरा चालला असेल तर, "अंगाला बसला." आणि घराविषयी तर त्यांचं ठाम मत होतं. "माणसाला कपडा लागतो तसा घरालाही लागतो. आपण काय करतो? घराला उघडंनागडं उन्हात उभं करतो आणि मग आत बसून पंख्याच्या नावानं रडतो. घराला अस्तर पाहिजे, टोपी पाहिजे, बाही पाहिजे. माप चुकलं की घर घामतं."

घर आमच्यासारखंच होतं. दोन खोल्या, वर पत्रे, पश्चिमेला रिकामी मोकळी भिंत. जळगावचा वैशाख ज्यानं काढला आहे त्याला जास्त सांगायला नको. दुपारी भांड्यातलं पाणी हात पोळेल असं तापतं. लाटलेला पापड पत्र्याखाली ठेवला तर भाजल्यासारखा वाकडा होतो. तान्ह्या पोरांना ओल्या फडक्यात गुंडाळून कॉटखाली निजवावं लागतं.

हे सगळं नाना कशासाठी करत होते ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं.

त्यांना एकच मुलगी, कुसुम. तिला धुळ्याला दिली होती. सासरचं घर चांगलं, असं सगळे म्हणाले. लग्न झाल्यावर त्या घरानं मागायला सुरुवात केली. आधी पंखा मागितला, मग मिक्सर, मग आणखी काही. नाना देत गेले. एका चैत्रात कुसुम एकटीच एस.टी.नं आली आणि म्हणाली, मला इथंच राहू द्या. नाना म्हणाले, "या पत्र्याच्या भट्टीत तुला कुठं ठेवू, पोरी? उन्हाळा सरू दे. मग मी स्वतः घ्यायला येतो." मनात दुसरंच असेल, लोकांचं भय असेल, पण तोंडानं उन्हाचंच नाव घेतलं. दोन दिवस ठेवून घेतली आणि गाडीत बसवून दिली. उन्हाळा सरायच्या आत धुळ्याहून माणूस आला. स्टोव्ह भडकला, असं त्यानं सांगितलं.

नानांच्या बायकोला आम्ही सगळ्या अक्का म्हणायचो. अक्का रडल्या नाहीत. तेरावा झाला तसं त्यांनी पिशवी भरली आणि फैजपूरला भावाकडे निघाल्या. ओट्यावरून उतरताना मागं वळून नानांना एवढंच म्हणाल्या, "सरला का उन्हाळा?" मोठ्यानं नाही. मी भिंतीला लागून धुणं वाळत घालत होते, म्हणून मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी नाना टेप घेऊन पत्र्यावर चढलेले दिसले.

आधी त्यांनी घरातला विस्तव काढला. चूल खणून अंगणात ओतली. स्टोव्ह कुठं नेला कोण जाणे, कुणी म्हणे गिरणा नदीच्या डोहात टाकला. देवापुढचा दिवासुद्धा बंद केला. त्याऐवजी खिडकीत एक लहान आरसा असा बसवला की सकाळचं ऊन त्यावरून बरोबर देवावर पडायचं. विजेची शेगडी घ्या म्हणून कुणीतरी सुचवलं, तर म्हणाले, "तिची तार लाल होते. लाल काही नको." आणि मग वीजच नको झाली. "घरानं कुणाकडं काही मागायचं नाही. मागणारं घर मी पाहिलंय." हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की गल्लीतली पोरं त्यांना पाहून तेच म्हणायची. नाना रागवायचे नाहीत. "बरोबर," म्हणायचे, "पाठ करा."

घर आपलं सगळं आपणच भागवील, आत ऊन येणार नाही, विस्तव असणार नाही, असं झालं की अक्का परत येतील, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. थोडं काम झालं की धुतलेला सदरा घालून फैजपूरला जायचे आणि अक्कांच्या भावाच्या दारात उभं राहून सांगायचे, "घर झालं. चल." अक्का आतून म्हणायच्या, "झालं तर राहा." संध्याकाळच्या गाडीनं नाना परत यायचे आणि सकाळी पुन्हा पत्र्यावर.

घराचं माप घ्यायला त्यांना वर्ष लागलं. खरंच वर्ष. शिंप्याचा खडू घेऊन ते फरशीवर रेघा मारायचे. दारातून आलेलं ऊन पौषात इथपर्यंत, चैत्रात इथपर्यंत. भाजीवाली दारात आली की तिला म्हणायचे, "जरा तिथंच उभी राहा, सावली मोजतो." ती बिचारी डोक्यावर पाटी घेऊन उभी. पुढं पुढं तिनं त्यांच्या दारावरून जायचंच सोडलं. रेघांवरून नानांनी पत्र्याला पुढं झाप काढली. "टोपीला झालर लावली," म्हणाले. थंडीतलं ऊन खालून तिरपं येतं ते आत यायचं, उन्हाळ्यातलं वरून येतं ते बाहेरच अडायचं. हे त्यांचं पहिलं काम साधलं.

दुसरं नाही साधलं. जुन्या ताडपत्रीची त्यांनी एक लांबलचक बाही शिवली, तोंडाला तारेचं कडं घातलं आणि ती पत्र्यावरच्या भोकात बसवली. वाऱ्याकडे तोंड करून. वारा बाहीत शिरणार, खाली घरात उतरणार. बाहीला काज-बटणं सुद्धा केली होती, दुपारी लावायची, संध्याकाळी सोडायची. लांबून ते घर सोंड वर केलेल्या हत्तीसारखं दिसायचं. एक दिवस बटणं लावायची राहिली आणि दुपारी वावटळ आली. सगळ्या पिंप्राळ्याची धूळ, कागद, केळीची वाळकी पानं आणि कुणाचं तरी वाळत घातलेलं लुगडं असं सगळं त्या बाहीतून नानांच्या घरात उतरलं. आमचे हे भिंतीवरून म्हणाले, "काय नाना, घर मागत नाही म्हणता, मग हे काय घेऊ राहिलं?" नाना डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालेले. केसातला पाला काढत म्हणाले, "मागितलं नव्हतं. आपणहून आलं." आणि लुगड्याची घडी करून ज्याचं त्याला द्यायला निघाले.

स्वयंपाक उन्हावर. शेतीच्या प्रदर्शनात त्यांनी सूर्यचूल पाहिली होती. काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा. ती विकत आणली आणि अंगणात ठेवली. सकाळी डाळ-तांदूळ आत ठेवायचे आणि सूर्य सरकेल तशी पेटी फिरवत बसायचे. वरण चांगलं व्हायचं, खोटं कशाला बोलू. पण भाकरी काही व्हायची नाही. त्यांनी किती परीनं करून पाहिली. कधी ती सुकून पापडी व्हायची, कधी आत कच्ची राहायची. एकदा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी सकाळपासून ठेवली ती दुपारी निघाली तर मांजरानंही हुंगून सोडून दिली. मांजर त्या पेटीच्या काचेवरच निजायचं, कारण ती कोमट असायची, आणि त्याच्या सावलीनं नानांचं वरण कच्चं राहायचं. पावसाळ्यात तर सगळंच बंद. हे विचारायचे, "नाना, आज ढगांची एकादशी का?" नाना भिजवलेले पोहे खात मान हलवायचे.

मला राहवायचं नाही. त्यांच्याशी समोर उभं राहून बोलायची माझी सवय नव्हती, म्हणून मी भाकरी झाकून मधल्या भिंतीवर ठेवायची. नाना यायचे, थोडा वेळ भाकरीकडे बघत उभे राहायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "मागितली नव्हती." मग घेऊन जायचे. ऊन पडलं की ताटली परत यायची ती उन्हात शिजवलेल्या रताळ्यांची. "सूनबाई, फिट्टंफाट," असं भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

संध्याकाळी उजेड मशीनचा. पायाच्या मशीनला त्यांनी सायकलचा डायनामो बसवला होता. पाय चालला की वरचा लहान बल्ब पेटायचा. त्या उजेडात ते गिऱ्हाइकांचे कपडे शिवायचे. सुईत दोरा ओवायला पाय थांबवावा लागे आणि पाय थांबला की अंधार, म्हणून दोरा ओवता यायचा नाही. मग अंधारात चाचपडत ओवायचे. आमच्या खिडकीतून तो उजेड दिसायचा, कधी लख्ख, कधी पिवळा, कधी नाहीच. नाहीसा झाला की मी काम थांबवून बघत राहायची, परत लागेपर्यंत.

सगळ्यात मोठी फजिती झाली ती पहिल्या अस्तराची. पत्र्याखाली अस्तर लावायचं ठरलं. रावेरकडून केळीच्या गाड्या यायच्या, त्यांच्यात घडांखाली केळीच्या खांबाची सोपटं अंथरलेली असत. ती फेकूनच देतात. नानांनी बोट लावून पाहिलं, तर गार. झालं. पोत्यांच्या लांब खोळी शिवल्या, त्यात ओली सोपटं ठासली आणि पत्र्याखाली सगळीकडे टांगली. दोन दिवस घर खरंच गार झालं. नाना पळत फैजपूरला गेले. या वेळी अक्का आल्या नाहीत, पण त्यांचे भाऊ यादवमामा आले. मी बघून येतो, मग तू ये, असं म्हणून. फैजपुरातले कापडाचे व्यापारी. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, सगळं इस्त्रीचं. नानांनी त्यांना मधोमध खुर्ची दिली आणि वर बोट करून अस्तर दाखवू लागले.

तेवढ्यात पहिला थेंब मामांच्या टोपीवर पडला. मग खांद्यावर. मग मांडीवर.

"दाजी, हे वरतून काय टपकू राह्यलं हो? बाहेर ऊन अन् घरात पाऊस?"

नानांनी जवळ जाऊन बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सोपटं सडून त्यांचा चीक गळत होता. मामा उठून उभे राहिले तसं टांगलेल्या खोळीला डोकं लागलं आणि ती फाटून अंगावर रिकामी झाली.

"केळीचा चीक हा! हा डाग काळा पडते, जात नई कधी! आमच्याकडचं लहान पोरगंबी सांगीन. अन् तुम्ही शिंपी ना हो, दाजी? जलम कपड्यात गेला तुमचा!"

गल्ली हसून हसून लोळली. मामा काळे-तपकिरी ठिपके घेऊन एस.टी.त बसले. नानांनी मात्र त्यांच्या मापाचा नवीन सदरा शिवून फैजपूरला पाठवला. पुढचे कितीतरी दिवस ते अंगणात बसून काळी झालेली पोती धूत राहिले. डाग जाणार नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, तरी धूत राहिले.

मग त्यांनी वर्ष-दीड वर्ष शांतपणे काम केलं. जिनिंगमधला टाकाऊ कापूस आणून त्याच्या जाड गाद्या शिवल्या, कडुनिंबाचा पाला घालून, आणि पत्र्याखाली फळ्यांवर अंथरल्या. पत्र्याला वरून चुना. पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर सोडून कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड उभा केला, तो शेणामातीनं लिंपला आणि त्यावर दोडक्याचा वेल चढवला. बाही उतरवून टाकली. कौलाएवढी एक काच वर बसवली, तेवढाच आत उजेड. या वेळी त्यांनी कुणाला बोलावलं नाही. फैजपूरला तेवढे जाऊन आले. काय झालं ते त्यांच्या चालण्यावरून कळलं.

त्या चैत्रात मी पहिल्यांदा त्यांच्या घरात पाय टाकला. ताटली द्यायला गेले होते, नाना अंगणात नव्हते. दारातून आत गेले आणि थांबले. बाहेर डोळे उघडवत नव्हते आणि आत सकाळ होती. विहिरीच्या पायरीवर बसल्यासारखं गार. पंखा नाही, आवाज नाही. आतल्या खोलीत एक कॉट होती. तिच्यावर धुतलेली चादर, उशी, पायाशी घडी केलेलं पांघरूण. तिथवर खडूची एकही रेघ पोचली नव्हती. नाना निजायचे पुढच्या खोलीत, खाली सतरंजीवर. ती कॉट कुसुमची होती ते मला कळलं आणि मी ताटली उंबऱ्यात ठेवून घरी आले.

त्याच उन्हाळ्यात आमची लता आली. लता म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. तिलाही धुळ्याच्याच बाजूला दिली होती. न कळवता आली, दुपारच्या गाडीनं, चप्पल नाही पायात. पाणी पिताना पदर सरकला तेव्हा तिच्या हातावर उलथन्याचा डाग दिसला. ताजा होता. एक नव्हता.

"दादा, मी नाही जायची परत," ती म्हणाली.

हे वाईट नाहीत. पण घाबरट. येरझारा घालायला लागले. "अशी कशी नाही जायची? लोक काय म्हणतील? आणि इथं कुठं ठेवू तुला? दोन खोल्या, तीन पोरं, वर हा पत्रा. उन्हानं जीव जाईल तुझा. आता चार दिवस राहा आणि परत जा. थोडं गार होऊ दे, मग मी येतो, त्यांच्याशी बोलतो."

लतानं पदर परत हातावर ओढला. मधल्या भिंतीपलीकडे सूर्यचूल फिरवण्याचा आवाज येत होता तो थांबला.

थोड्या वेळानं नाना आमच्या दारात उभे. इतक्या वर्षांत ते आमच्या उंबऱ्याशी कधी आले नव्हते. गळ्यात टेप, पाय अनवाणी, अंगणातून तसेच आलेले.

"भाऊ, पोरीला धाडू नका."

"नाना, हा आमच्या घरातला—"

"माझ्याकडं जागा आहे. कॉट आहे. माझ्या घरात ऊन येत नाही. पाहा तुम्ही, या, हात लावून पाहा भिंतीला." ते हे सगळं विनवल्यासारखं म्हणत होते. जन्मभर कुणाकडं काही न मागणारा माणूस, दोन्ही हात पुढं केलेले. "तिला द्या मला."

हे जरा चिडलेच. "नाना, असं कसं बोलता? तुम्ही एकटे माणूस. तरणी पोर तुमच्या घरात ठेवली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. घरात बाईमाणूस असतं तर गोष्ट वेगळी."

नानांनी पुढं केलेले हात मागं घेतले. मग म्हणाले, "उद्यापर्यंत धाडू नका. एवढं ऐका." आणि तसेच, चप्पल सुद्धा न घालता, भर उन्हात एस.टी. स्टँडकडे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा थांबली. आधी नाना उतरले, मग अक्का. किती वाळल्या होत्या. हातात तीच पिशवी. त्यांनी घराकडे मान वर करूनही बघितलं नाही. ना चुना, ना कूड, ना दोडक्याचा वेल. सरळ आमच्याकडे आल्या, लताचा हात धरून डाग बघितले आणि म्हणाल्या, "चल वं माय." तिला घेऊन आत गेल्या.

पुढं एकदा भाकऱ्या करताना त्या मला म्हणाल्या. भाकऱ्या त्या आमच्याच चुलीवर करायच्या, कारण त्यांच्या घरात चूल नव्हती. "इतकी वर्षं हा माणूस यायचा अन् घराचंच सांगायचा. पत्रा गार झाला, चल. वेल चढला, चल. मले काय करायचं होतं त्या घराचं? या खेपेला घराचं नावच नई काढलं. दारात उभा राह्यला अन् म्हणाला, एक पोर आली आहे, तिचे हात भाजलेले आहेत. मी पिशवी भरली." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "त्याच्याशी बोलणं होत नई माह्याच्यानं. अजून नई."

आणि खरंच त्या बोलल्या नाहीत. नानांचं ताट ओट्यावर नेऊन ठेवायच्या आणि आत जायच्या. आत दोघी बायका. नाना आपली सतरंजी, माठ आणि मशीन घेऊन ओट्यावर आले होते. आत जायला त्यांना कुणी मना केलं नव्हतं, पण ते जातही नव्हते. एवढं सगळं करून पिंप्राळ्यातलं सगळ्यात गार घर त्यांनी उभं केलं आणि त्या वैशाखात ते स्वतः बाहेर राहिले. आता कुणी थट्टा करत नव्हतं. आमच्या ह्यांनी तर एक दिवस न बोलता ओट्यावर पोत्याचा पडदा बांधून दिला.

लताच्या सासरचे आले ते भर दुपारी. नवरा, सासरा, आणखी दोघं. नाना दारातच मशीन लावून शिवत बसले होते. आत जायचं तर त्यांना ओलांडून जावं लागलं असतं.

"आमनी सून शे ती," सासरा म्हणाला. "आम्ही तिले लई जासूत."

"पोर झोपली आहे," नाना म्हणाले. "मी उठवणार नाही."

"तुम्ही कोन शेतस तिना?"

नानांनी मान खाली घालून पाय चालवला. मशीनचा आवाज होत राहिला. "मी शिंपी," म्हणाले. सासरचे ओरडले, त्यांनी शिव्या दिल्या, मशीनला लाथ मारली. नाना पडलेलं मशीन उभं करून पुन्हा दारातच लावत होते. तोवर गल्लीतली माणसं जमली, आमचे हे सुद्धा पुढं होऊन उभे राहिले. शेवटी ते निघून गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. ते सगळं पुढं वर्षभर चाललं, पण लता परत त्या घरात गेली नाही.

त्या वैशाखातल्या एका दुपारी मी नानांना पाणी द्यायला ओट्यावर गेले. लू चालली होती. पोत्याचा पडदा कधीच सुकून कडक झाला होता. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. मशीन बंद होतं आणि ते दाराकडे तोंड करून बसले होते. तांब्या मी पुढं केला, पण त्यांनी घेतला नाही. हळू आवाजात विचारलं,

"सूनबाई, आत गार आहे ना?"

मी मान हलवली.

"ती... झोप लागते का तिला?"

त्यांच्याशी इतकं समोरासमोर मी कधी बोलले नव्हते. पण सांगितलं. "लागते नाना. पांघरूण घेऊन झोपते."

"वैशाखात?"

"हो. गळ्यापर्यंत."

नानांनी तांब्या घेतला आणि मांडीवर धरून ठेवला, प्यायले नाहीत. मग मागं भिंतीला टेकले. ओट्याची ती भिंत दिवसभर उन्हात असायची, हात ठेववत नसे तिच्यावर. त्यांनी पाठ हलवली नाही.